केअर सेंटरचे दरमहा पैसे आणायचे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७८ वर्षांच्या. पक्षाघातानंतर उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, पण माणसं ओळखतात, सांगितलेलं कळतं. पुण्यातल्या हॉस्पिटलमधून आता डिस्चार्ज मिळणार. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही नोकरीवर, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. केअर सेंटरने महिना ३८ हजार सांगितलेत. आईंना वडिलांच्या सरकारी नोकरीचं कुटुंब निवृत्तिवेतन साडेसतरा हजार मिळतं, १४ लाखांच्या ठेवी आहेत आणि नाशिकला टू बीएचके फ्लॅट आहे, जो अजून वडिलांच्याच नावावर आहे. मोठा भाऊ कॅनडात, धाकटा नागपुरात. विमा, सरकारी योजना, रिव्हर्स मॉर्गेज यातून काही जमेल का, की आम्ही तिघांनी दरमहा वाटून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सरकारी बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर ज्येष्ठांचे पैशांचे कागद लावून देतो. तुमच्यासारखी घरं दर महिन्याला भेटतात. बहुतेक जण योजना शोधत येतात. त्यांची खरी अडचण बहुधा वेगळीच असते: पैसा आईचाच असतो, पुरेसाही असतो, पण तो दरमहा हातात येईल अशा रूपात नसतो आणि तो काढायला जी सही लागते ती करणारा हात आता लुळा पडलेला असतो.

तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी आधी उरकतो.

आरोग्य विमा केअर सेंटरची फी देत नाही. पॉलिसी हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी असते. डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतली औषधं, तपासण्या, काही पॉलिसींत फिजिओथेरपी यांची बिलं मिळू शकतात, तेवढी जरूर लावा. राहणं, जेवण, अंग पुसणं, कूस बदलणं यासाठी छदाम मिळणार नाही. तरीही आईंची जुनी पॉलिसी असेल तर ती बंद करू नका. अंथरुणावरच्या माणसाला छातीत कफ साठून न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पाठीला जखमा हे होतंच, आणि तेव्हा चार दिवसांच्या आयसीयूत वर्षभराची बचत जाते. पॉलिसी नसेल तर ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत. आधार लागतं, मोबाइलवर काढता येतं. या आठवड्यातच काढा आणि केअर सेंटरच्या जवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे ते लिहून ठेवा. पेशंटला घेऊन अँब्युलन्स निघाल्यावर ही चौकशी होत नाही.

सरकारी योजना: श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे. आईंची पेन्शन महिन्याला त्याच्या जवळ जाते, म्हणजे विषय संपला. अनुदानित वृद्धाश्रमांत शक्यतो स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात.

रिव्हर्स मॉर्गेजबद्दल जरा थांबून सांगतो, कारण वर्तमानपत्रांत या योजनेची फार भलामण होते. साठीनंतर स्वतःचं राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं आणि बँकेने दरमहा पैसे द्यायचे, अशी ती योजना. आपल्याकडे २००७ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने नियम केले. त्या नियमांत लिहिलंय की कर्जदार काळजी घेणाऱ्या संस्थेत किंवा नातेवाइकांकडे कायमचा राहायला गेला, तर कर्ज परत करण्याची वेळ येते. वर्षभर सलग घरात राहिलं नाही की ते कायमचं जाणं धरतात. म्हणजे ज्या खर्चासाठी कर्ज काढायचं, त्याच कारणाने ते वसुलीला लागतं! पती केअर सेंटरमध्ये आणि पत्नी घरात, दोघांच्या नावे कर्ज, अशा जोडप्यांना याचा उपयोग होतो. तुमचा फ्लॅट तर रिकामा आहे आणि आईंच्या नावावरही नाही. सोडून द्या.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू.

३८ हजार हा आकडा खरा मानू नका. पुण्यात अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी २५ ते ५० हजारांच्या दरम्यान सांगतात, त्यामुळे ३८ वाजवी आहे. पण डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरांची व्हिजिट, नाकातून नळी असेल तर ती बदलणं हे बहुतेक ठिकाणी वेगळं. आठ-नऊ हजार धरा. म्हणजे ४७ हजार. पेन्शन वजा जाता साडेएकोणतीस हजारांची तूट.

ठेवींचं काय करायचं? १४ लाख आज कुठल्या तरी बँकेत वेगवेगळ्या तारखांना पडलेले असणार, व्याज मुदतीअंती. त्यातले २ लाख साध्या मुदत ठेवीत ठेवा, अचानक लागतील म्हणून. बाकी १२ लाख आईंच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. पोस्टात किंवा सरकारी बँकेत खातं उघडतं, कमाल ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्क्यांवर आहे. सरकार नव्या खात्यांसाठी दर तिमाहीला आढावा घेतं, पण तुमचं खातं ज्या दराने उघडलं तोच दर पाच वर्षं टिकतो. १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० येतील, म्हणजे महिना ८,२००. मध्येच मोडावी लागली तर दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात. खातेदार गेल्यास काहीच कापत नाहीत. सध्याच्या एफडी मुदतीआधी मोडण्याचा दंड मात्र आधी विचारून घ्या. तीन महिन्यांवर आलेली पावती मोडण्यात अर्थ नसतो.

तूट आली २१,३०० वर.

फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटीची देखभाल, घरपट्टी, अधूनमधूनची दुरुस्ती जाऊन साडेनऊ हजार हातात पडतील असं धरतो. नाशिकचा भाव तुम्हाला जास्त माहीत. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जो बिगर-रहिवासी आकार लावते तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त मागितल्यास हे बिनधास्त सांगा. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. आता तूट ११,८०० ची. हे तिघांनी भागवायचं म्हटलं तर कुणालाच जड नाही.

इथे लोक सुटकेचा श्वास सोडतात, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. केअर सेंटरची फी दरवर्षी वाढते. आठ टक्के धरलं तर पाच वर्षांनी ४७ हजारांचे ६९ हजार होतात. पेन्शनवर महागाई भत्ता वाढत राहील, समजा २१ हजारांपर्यंत जाईल. (ईपीएफवाली पेन्शन असती तर तेही नाही, ती आहे तिथेच राहते.) बचत योजनेचं व्याज तेच, भाडं थोडं वर. हिशेब केलात तर तूट २८ हजारांच्या आसपास जाते. पक्षाघातानंतर चांगली शुश्रूषा मिळालेली माणसं आठ-दहा वर्षंही राहतात, आणि राहावीत हीच आपली इच्छा आहे. मग हिशेबही तेवढ्याच वर्षांचा हवा.

म्हणून फ्लॅट विकण्याचा विचार आजच करून ठेवा, विकायचा नसला तरी. समजा कर आणि दलाली जाऊन ४२ लाख हातात आले. बचत योजनेत अजून १८ लाखांची जागा आहे, तिचे महिना १२,३००. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याच्या नावे ९ लाख ठेवता येतात, सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. भाडं बंद होईल, तरी तूट साडेतीन हजारांवर येते, आणि वर १५ लाख शिल्लक राहतात. ते एक-एक वर्षाच्या अंतराने मुदत संपणाऱ्या ठेवींत लावा आणि दरवर्षी एक पावती खर्चून टाका. भांडवली नफ्यावर साधारणपणे साडेबारा टक्के कर लागेल. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना पर्यायही खुला आहे, जो कमी पडेल तो घ्यायचा. फ्लॅट २००१ पूर्वीचा असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांकन करून घ्या. कर वाचवायला पाच वर्षं अडकणारे रोखे घेऊ नका. आईंना पैसा या पाच वर्षांतच लागणार आहे.

पावती खर्चून टाका म्हटलं की समोरचा माणूस दचकतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं, हे आपल्या मध्यमवर्गात इतकं भिनलंय की ८० वर्षांच्या आजींना स्वस्त, कोंदट जागेत ठेवून त्यांच्या नावावरचे ३० लाख शाबूत राखणारी घरं मी पाहिली आहेत. शाबूत कुणासाठी? तर मुलांसाठी, जी त्याच वेळी आपापल्या पगारातून फी भरून एकमेकांशी भांडत असतात. मुद्दल साठवलं गेलं ते या दिवसांसाठी. आईचा पैसा आधी आईवर, पूर्ण, आणि मुलांचे पैसे त्यानंतर, हा क्रम मी प्रत्येक घरात धरायला सांगतो. नंतरची निम्मी भांडणं त्याने टळतात.

आता सहीचा प्रश्न. तुमच्या प्रश्नात हा नव्हता, पण तुमच्या बाबतीत वेळ सगळ्यात कमी इथे आहे.

फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तो आई आणि तुम्ही तिघं, चौघांचा समान. सोसायटीत आईंचं नॉमिनेशन असेल तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्यामुळे भाड्याचा करार असो की विक्री, चौघांच्या सह्या. सरळ मार्ग म्हणजे तिन्ही मुलांनी आईंच्या नावे हक्कसोडपत्र करून नोंदवणं. मोबदला न घेता आईच्या नावे केलं तर मुद्रांक नाममात्र लागतो. कॅनडातल्या भावाला त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) साक्षांकित करून मूळ प्रत पाठवायची, ती महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक भरून घ्यायचा. तीन महिने उलटले की दंड आणि हेलपाटे.

भाऊ हक्क सोडायला कचरतील. त्यांना एवढंच सांगा की आईंनंतर जे उरेल ते, मृत्युपत्र नसेल तर, कायद्याने पुन्हा तिघांनाच समान मिळणार आहे. हक्क सोडला तो आईसाठी, बहिणीसाठी नाही. तरीही शंका उरत असेल तर आईंनी मृत्युपत्र करावं आणि करताना डॉक्टरांचा दाखला जोडावा की त्या समजून-उमजून निर्णय घेत आहेत.

हा दाखला सगळीकडे लागणार आहे, म्हणून डिस्चार्जआधीच न्यूरॉलॉजिस्टकडून लेटरहेडवर लिहून घ्या: हात चालत नाही, बोलणं अस्पष्ट आहे, पण आकलन शाबूत आहे. असं असेल तर डाव्या हाताचा अंगठा कायद्याला चालतो. बँकेत तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार अंगठाही उमटत नसेल तर पायाचा अंगठा चालतो. ओळख पटवायला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या आणि आजारी, अपंग खातेदारांच्या घरी जाऊन मूलभूत सेवा द्यायलाही बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत 'असं काही नसतं' म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की नियम आठवतात, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनेही पाहिलंय.

त्या भेटीत काय काय उरकायचं? दोन लाखांची एफडी आणि एक बचत खातं आईंच्या आणि तुमच्या नावे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या, म्हणजे दोघींपैकी कुणाचीही सही चालेल. पेन्शनचं खातं मात्र मुलांबरोबर जोडता येत नाही, ते एकटीचंच राहील. त्यावर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या: दर महिन्याच्या पाच तारखेला सतरा हजार जोडखात्यात. ज्येष्ठ नागरिक योजनेतही जोडीदार म्हणून फक्त पती किंवा पत्नी चालतात, मुलगी नाही. पण तिचं तिमाही व्याज आपोआप जोडखात्यात जमा करता येतं, आणि रोजच्या वापरासाठी तेवढं पुरतं. चार महिन्यांनी करू असं म्हणू नका. दुसरा झटका आला तर हे सगळं जागच्या जागी गोठतं.

आईंकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रही करून घ्या, पण त्यावर विसंबू नका. करार कायद्याने कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. विसराळूपणा सुरू झाल्यावर घाईने केलेली मुखत्यारपत्रं दुय्यम निबंधकाकडे नोंदली जातात खरी, पण कुणा नातेवाइकाने आव्हान दिलं की उभी राहत नाहीत. क्षमता पूर्ण गेलेल्या माणसासाठी शेवटी उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या बाबतीत असे आदेश दिलेले आहेत. महिने जातात, वकिलाची फी जाते आणि केअर सेंटरचं बिल तोवर थांबत नाही.

एटीएम कार्ड आणि पिन बहुतेक घरांत मुलांकडेच असतात. बँकेच्या नियमांत हे बसत नाही, एवढं माहीत असू द्या. जोडखातं झालं की त्याची गरजच उरत नाही. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये, केंद्राच्या पेन्शनरांना ८० नंतर ऑक्टोबरपासून. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, केअर सेंटरच्या खाटेवरून. केंद्र सरकारची पेन्शन असेल तर ८० पूर्ण झाल्यावर मूळ रकमेत २० टक्के वाढ मिळते, कुटुंब निवृत्तिवेतनालाही. ती लागण्यासाठी आईंची जन्मतारीख पेन्शनच्या आदेशात नोंदलेली हवी. जुन्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आदेशांत पत्नीची जन्मतारीख कोरीच असते. आजच पाहा, दोन वर्षं आहेत अजून.

भावंडांच्या वाट्याकडे येतो. तूट ११,८०० असो की साडेतीन हजार, तिन्हीकडून समान घेणं दिसायला सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. फोन रात्री दोन वाजता तुम्हाला येणार. हॉस्पिटलात तुम्ही धावणार, रजा तुमची जाणार. पुण्यात राहणाऱ्या मुलीने वेळही द्यायचा आणि पैसेही तेवढेच द्यायचे, हे मला पटत नाही. बाहेरच्या दोघांनी रोख तूट उचलावी, तुम्ही अंगमेहनत. हे कुटुंबाच्या ग्रुपवर का होईना, पण लिहून ठेवा. दर महिन्याला जोडखात्याचं पान आणि केअर सेंटरचं बिल दोघांना पाठवत जा. विश्वास असतो तेव्हाच पाठवायचं. संशय आल्यावर पाठवलं तर ते स्पष्टीकरण वाटतं.

कॅनडातला भाऊ दरमहा पाठवण्याऐवजी एकरकमी १० लाख आईंना भेट म्हणून देऊ शकत असेल तर ते सगळ्यात चांगलं. मुलाने आईला दिलेल्या भेटीवर आईंना आयकर नाही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, तसं आईच्या बाबतीत होत नाही. ते पैसे आईंच्या बचत योजनेत गेले की महिना ६,८०० च्या वर येतात. अनिवासी असल्यामुळे त्याला स्वतःच्या नावे हे खातं उघडता येत नाही, आईंना येतं. फ्लॅट लगेच विकायचा नसेल तर मधली काही वर्षं यावर निघतात. आईंनंतर ती रक्कम त्यालाच परत जावी असं वाटत असेल तर नॉमिनीवर न थांबता मृत्युपत्रात ओळ घाला.

धाकटा भाऊ काहीच देणार नाही म्हणाला तर? २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात आई, किंवा त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती, अर्ज करू शकते. महिना १० हजारांपर्यंत निर्वाह देण्याचा आदेश होऊ शकतो आणि ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. मुलगा-मुलगी दोघांनाही लागू, म्हणजे तुम्हालाही. माझं मत विचाराल तर तीन-चार हजारांसाठी तिकडे जाऊ नका. खटल्यातून पैसे येतात, पण आईंना भेटायला येणारा एक माणूस कमी होतो. मात्र कुणी आईंकडून घर लिहून घेऊन पाठ फिरवली असेल तर याच कायद्याचं कलम २३ लावून ते हस्तांतर रद्द करता येतं. त्यासाठी दस्तात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' अशी ओळ असेल तर काम सोपं होतं. ती नसल्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मातेचा दावा फेटाळला होता. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावला, पण तिथेही लिहिलेली अट होतीच. वाचणाऱ्यांपैकी कुणी आईवडिलांचं बक्षीसपत्र करायला निघाला असेल तर ही ओळ त्यात घाला.

कराबद्दल दोन शब्द, कारण लोक यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. आईंचं सगळं मिळून उत्पन्न चार लाखांच्या आसपास, नव्या प्रणालीत कर शून्य. टीडीएस न कापण्याचं ज्येष्ठांचं घोषणापत्र (आपलं जुनं १५एच) दर एप्रिलमध्ये बँकेत आणि पोस्टात द्यायचं, बास. मुलांपैकी जो खर्च करतो आणि जुन्या प्रणालीत आहे, त्याला मात्र सवलती आहेत. आईंचा आरोग्य विमा नसेल तर त्यांच्या औषधोपचारांवर स्वतः केलेल्या खर्चापैकी ५० हजारांपर्यंत, रोखीने दिलेला सोडून. ठरावीक मोठ्या आजारांसाठी ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखापर्यंत. या यादीत स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन आहेतच, पण मेंदूच्या इजेमुळे वाचा जाणं म्हणजे अफेझियाही आहे, जे तुमच्या आईंना लागू पडू शकतं. त्यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं न्यूरॉलॉजिस्टने लिहून द्यावं लागतं. अपंग आश्रितासाठी ७५ हजारांची, ८० टक्क्यांवर सव्वा लाखाची वेगळी वजावट आहे, पण आईंना पेन्शन असताना त्या 'मुख्यतः तुमच्यावर अवलंबून' ठरतात का, हे सीएला विचारा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र काढाच. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे जुने क्रमांक बदलले आहेत, सीएकडे सवलत नावाने विचारा.

ज्यांच्याकडे पेन्शन नाही, घर नाही, त्यांच्यासाठी यातलं बरंच काही लागू नाही, याची जाणीव आहे. त्यांनी १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून जिल्ह्यातल्या धर्मादाय आश्रमांची माहिती घ्यावी. हॉस्पिटलची वेळ आली तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. भरती करतानाच तिथल्या समाजसेवकाला भेटावं, बिल झाल्यावर नाही. संस्था नोंदणीकृत धर्मादाय असेल तर साठीवरच्या रहिवाशांच्या महिना २५ हजारांपर्यंतच्या फीवर जीएसटीही लागत नाही.

शेवटी केअर सेंटरच्या करारावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. फी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल. आई हॉस्पिटलात असतील त्या दिवसांची खाट राखण्याचे पैसे किती. अनामत किती दिवसांत आणि काय कापून परत. बिल कुणाच्या नावे आणि राहणं-जेवण, शुश्रूषा, औषधं यांची फोड करून देतात का. विम्याला आणि करसवलतीला ही फोड लागते. पावती आईंच्या नावे आणि पैसे जोडखात्यातून, शक्यतो रोख नको. 'एकदाच आठ लाख भरा, आयुष्यभर बघतो' अशी ऑफर कुणी दिली तर ट्रस्टची कागदपत्रं कितीही चकचकीत असोत, नको म्हणा. पटलं नाही म्हणून आईंना दुसरीकडे हलवता आलं पाहिजे, आणि आठ लाख अडकलेली माणसं हलत नाहीत. नाशिकमधल्या दोन-तीन केअर सेंटरचे भावही विचारून ठेवा. बहुधा पुण्यापेक्षा कमी असतील, पण तुम्ही आठवड्यातून दोनदा डोकावू शकता ती जागा पाच हजारांनी महाग असली तरी मी तीच घेईन. अचानक भेट देणारं माणूस ज्या पेशंटकडे आहे, त्याची चादर वेळेवर बदलली जाते.